दुखतो टोंगळा, मोडतो खुबा

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे घर उलटंपालटं. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, गाद्या गच्चीवर जातात आणि घरातली साठीची माय हातात झाडणी घेऊन डुगडुगत्या स्टुलावर चढते.

"टोंगळे दुखून राह्यले न तुहे? कायले चढतं वर?"

"मंग जाळे कोन काढीन?"

या संवादात वऱ्हाडातली निम्मी घरं येतात. टोंगळा म्हणजे गुडघा. मूर्तिजापूरच्या बाजारात, एसटी स्टँडवर किंवा दवाखान्याच्या बाकावर दोन म्हाताऱ्या भेटल्या, की पाऊसपाण्याच्या आधी टोंगळ्यांची विचारपूस होते. दुखणं इतकं घरोघरचं आहे की त्याचं कुणाला काही वाटत नाही. 'वय झालं, हाडं झिजली' म्हटलं की विषय संपतो.

पण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या आजारांची खिचडी झालेली असते. ती निवडायला वैद्यकशास्त्रालाही अर्धं शतक लागलं आहे.

झीज वेगळी, ठिसूळपणा वेगळा

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर टेकतात. दोघांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. डॉक्टर समजावताना त्याला 'गादी' म्हणतात. ही गादी विरत जाते, सांध्याच्या कडेला हाडाची टोकं फुटतात, आतलं अस्तर सुजतं, सांधा आखडतो. हा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात. एक्स-रे पाहून त्याची पायरी ठरवायची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये घालून दिली. 'तिसऱ्या ग्रेडचा आहे' असं डॉक्टर आजही सांगतात, ते त्याच मोजपट्टीने.

ऑस्टिओपोरोसिस हा निराळा आजार. त्यात सांध्याला काही होत नाही, हाड आतून विरळ होतं, वाळवीनं खाल्लेल्या मयालीसारखं. बाहेरून धड दिसतं, पण भार आला की मोडतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि बायकांची हाडं भराभर विरळ होऊ लागतात. या आजाराला दुखणं नसतं. मनगट, मणका किंवा खुबा मोडला की मगच तो कळतो. मणक्याचं मोडणं तर बहुधा कळतही नाही. म्हातारीला बाक आला, उंची कमी झाली, एवढंच लोक पाहतात.

म्हणजे एक आजार सारखा ओरडतो आणि दुसरा तोंड मिटून बसतो.

शास्त्रज्ञांना पडलेला घोळ

१९७२ मध्ये फॉस आणि बायर्स या संशोधकांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. ज्यांचा खुबा मोडला होता, त्यांच्या खुब्याच्या सांध्यात झीज फारशी सापडत नव्हती आणि ज्यांचा सांधा झिजला होता, त्यांचं हाड उलट दाट होतं. त्यावरून समज पक्का झाला, की हे दोन आजार सवतीसारखे आहेत, एक असेल तिथे दुसरा नांदत नाही. झिजेचा संधिवात असलेल्याला फ्रॅक्चरची भीती कमी, असंही गृहीत धरलं गेलं.

तर्क बरोबर होता. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्रावर संधिवाताच्या रुग्णांचे आकडे खरंच चांगले येत होते. मग त्यांची हाडं कमी मोडायला हवी होती. पण माणसं वर्षानुवर्षं नजरेखाली ठेवून मोजदाद सुरू झाली, तेव्हा हिशेब जुळेना.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराच्या एका उपनगरात १९९० पासून पंचावन्नच्या पुढच्या हजारो लोकांचा अभ्यास चालू आहे. त्यातून २००३ मध्ये आलेल्या शोधनिबंधात गुडघ्याची झीज असलेल्यांची हाडं दाट होती, तरी मणका मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाचं शेतीच्या मुलखातलं गाव आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांची नोंद १९८९ पासून ठेवली जाते. त्या नोंदींवरून २०१४ मध्ये दिसलं, की झिजेचा संधिवात असलेल्या बायकांमध्ये फ्रॅक्चरचा धोका सुमारे दीडपट होता. ब्रिटनमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या साडेसहा हजारांहून अधिक माणसांवर नजर ठेवली, त्याचा निष्कर्ष २००६ चा. गुडघा दुखणाऱ्यांना पडण्याचा धोका सव्वापट आणि खुबा मोडण्याचा जवळजवळ दुप्पट.

सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. खुब्याच्या झिजेबद्दल निष्कर्ष वेगवेगळे आहेत, काही अभ्यासांत धोका वाढलेला दिसतच नाही. गुडघ्याच्या बाबतीत मात्र दाट हाडाने पाठ राखली नाही, हे पुन्हा पुन्हा दिसलं.

दाट हाड का मोडतं?

पहिली गोम यंत्राच्या आकड्यातच आहे. झिजलेल्या मणक्यांच्या कडेला हाडाची टोकं वाढतात, सांध्याखालचं हाड कडक होतं. यंत्र ते सगळं मोजतं आणि घनता फुगलेली दाखवतं. घर जुनंच असतं, दर्शनी भिंतीला तेवढा नवा गिलावा लागलेला असतो. शिवाय गुडघे झिजलेल्यांचं वजन बहुधा जास्त असतं. वजनाच्या भाराने हाड दाट होतं खरं, पण तेच वजन पडताना अंगावर येतं.

दुसरी गोष्ट मांडीची. गुडघा दुखतो म्हणून माणूस कमी चालतो. कमी चालल्याने मांडीचा पुढचा स्नायू वाळतो. गुडघ्याला धरून ठेवणारा हाच स्नायू. तो ढिला पडला की चालता चालता गुडघा एकदम लचकतो. 'टोंगळ्यानं दगा देल्ला' असं आपल्याकडे म्हणतात, ते अगदी नेमकं आहे. झिजलेल्या सांध्यात पाय कुठे आणि कसा टेकला याची जाणीवही मंदावते. ठेच तरण्या माणसालाही लागते, पण तो दुसरा पाय झटकन पुढे टाकून सावरतो. आखडलेल्या गुडघ्याला तेवढा वेळ मिळत नाही, आणि माणूस कुशीवर, थेट खुब्याच्या हाडावर पडतो. खुब्यासाठी याहून वाईट पडणं नाही.

तिसरी गोष्ट औषधांची. दुखणं सहन होईना, की बाजारातली बिननावाची पुडी येते. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चार दिवसांत म्हातारी चालायला लागते, सारं गाव पुडीवाल्याचं नाव काढतं. पण स्टेरॉइड महिनोन्महिने पोटात गेलं तर हाडं विरळ होतात आणि स्नायू गळतात. टोंगळा बरा करायला आणलेली पुडी खुब्याचा घास घेते.

खुबा मोडणं म्हणजे नुसतं हाड मोडणं नव्हे. म्हातारपणी ज्यांचा खुबा मोडतो, त्यांच्यापैकी पाचातलं एखादं माणूस तरी वर्षभरात जातं, असं जगभरचे आकडे सांगतात. जी जगतात, त्यातली कितीतरी पुन्हा आधाराशिवाय चालत नाहीत.

भिगवणची वही

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या मातीतली मोजणी सुरू झाली १९९६ मध्ये, पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या भिगवणला. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेला 'कॉपकॉर्ड' प्रकल्प तिथे उभा केला. शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघर गेले. माणसाचं चित्र समोर ठेवायचं आणि विचारायचं, कुठं दुखतं? दवाखान्यात येईल तो रुग्ण, हा हिशेब सोडून दुखणं उंबऱ्यावर जाऊन मोजलं गेलं. ४,०९२ प्रौढांच्या पाहणीत १८.२ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं निघालं. झिजेचा संधिवात ५.८ टक्के जणांना होता. ज्याला आपण आमवात म्हणतो, तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे सरसकट 'वात' म्हणून आपण जे सांगतो, त्यात झिजेचा वाटा किती मोठा आहे ते कळलं. पुढे देशाच्या पाच भागांत, त्यात पुणेही होतं, केवळ गुडघ्यांची पाहणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एक्स-रेने खात्री करून, २८.७ टक्के लोकांचे गुडघे झिजलेले निघाले. बायकांचं प्रमाण पुरुषांहून जास्त होतं.

हाडाचा पाया कधी घातला जातो, याचं एक उत्तरही पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांनीच दिलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ मध्ये सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर हाडं मोजली. ज्या आयांच्या ताटात गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळं जास्त होती, त्यांच्या मुलांची हाडं अधिक भरीव होती. म्हातारपणी मोडणाऱ्या खुब्याची गोष्ट कधीकधी आजीच्या आईच्या ताटापासून सुरू होते.

वऱ्हाडातली बाई आणि तिचे टोंगळे

आता हे सगळं मूर्तिजापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात आणून बघा. निंदण उकिडवं बसून. चूल, भांडी, सारवण उकिडवं बसून. वेचणीच्या दिवसांत कमरेला बांधलेल्या ओटीत कापसाचा भार घेऊन दिवसभर वाकून. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून गोडं पाणी लांबून डोक्यावर. गुडघा पूर्ण दुमडून तासन् तास बसणं आणि ओझं उचलणं, या दोन्ही गोष्टी झिजेला हातभार लावतात हे आता पक्कं ठाऊक आहे.

ताटात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण. पोट भरतं, पण ज्वारीत कॅल्शियम थोडंच. दूध चहापुरतं. ऊन तर अकोल्याकडे इतकं, की मे महिन्यात उभ्या भारतात आपलं नाव निघतं. तरीही ड जीवनसत्त्व कमी असतं, कारण अंग झाकलेलं आणि भर उन्हाच्या वेळी जमेल तेवढी सावली.

मग करावं काय?

सगळ्यात आधी मांडीचा स्नायू. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच-सहा आकडे मोजायचे, सोडायचं. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. भिंतीला हात धरून एका रेषेत पावलं टाकायची. यात खर्च काही नाही. तोल आणि ताकद वाढवणाऱ्या व्यायामांचे १०८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं पडणं जवळजवळ २३ टक्क्यांनी घटलं, असा २०१९ चा आढावा सांगतो. एवढं यश सांगणारी गुडघ्याची पुडी कुठल्याच बाजारात नाही.

दुसरं वजन. वजन एक किलोने उतरलं, की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो.

तिसरं ताट. दही-ताक, तीळ, शेवग्याचा पाला, अंबाडी, जमलं तर नाचणी. ड जीवनसत्त्वाची पुडी डॉक्टरांनी सांगितली तितकीच. 'जास्त घेतली तर जास्त फायदा' हा हिशेब इथे उलटा पडतो. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस दिला, तर त्या अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली, हे २०१० मध्ये सिद्ध झालं.

चौथं घर. न्हाणीत आणि संडासात धरायला पक्की दांडी, रात्री वाटेवर दिवा, ओल्या फरशीवर लगेच फडकं. ज्यांना हाडांच्या ठिसूळपणाची औषधं लागतात, त्यांनी ती नेटाने घ्यावीत. 'गुडघ्याचा संधिवात आहे, म्हणजे हाड मजबूत असणार' या जुन्या समजावर विसंबून तपासणी टाळू नये.

आणि शस्त्रक्रिया? गुडघा फारच गेला असेल तर सांधा बदलणं हा चांगला उपाय आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा दीड लाखाच्या पुढे विकला जात होता, त्याची किंमत कर सोडून ५४,७२० रुपयांवर आली. अनेकांना आशा वाटू लागली.

पण इथे मूर्तिजापूरकरांना शकुंतलेची आठवण व्हावी. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ही छोटी गाडी मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनावर सत्तर वर्षं धावली. १९९४ मध्ये वाफेचं इंजिन गेलं, डिझेलचं आलं. गाडीचा वेग मात्र वाढला नाही. रूळ, स्लीपर, पूल सगळं जुनंच होतं. नव्या इंजिनाला जुन्या रुळांवरून जपूनच जावं लागलं. नवा गुडघा हे नवं इंजिन आहे. मांडीचा स्नायू, तोल आणि विरळ झालेलं हाड हे रूळ. ते दुरुस्त केले नाहीत, तर दुखणं थांबतं, पडणं थांबत नाही.

म्हणून या दिवाळीत स्टूल आपल्या हातात घ्या आणि मायला खुर्चीवर बसवा. मग घड्याळ लावा. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. बारा सेकंदांहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजा आणि डॉक्टरांकडे गुडघ्याबरोबर हाही विषय काढा.

आणखी एक विचारा. टोंगळे दुखतात का, हे सगळेच विचारतात. गेल्या वर्षात कितींदा पडली, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी ती सरळ सांगायची नाही. वावरात जाणं बंद होईल, कामातून काढून एका जागी बसवतील, ही भीती तिला हाड मोडण्याहून मोठी वाटते. तेव्हा उत्तर येईल ते कान देऊन ऐका.

"नाई वो, पडली नाई. सटकली होती दोनदा."

त्या दोनदांची मोजदाद ठेवा.