हार्ड डिस्कची धोक्याची लक्षणे

तान्हे मूल आपले दुखणे शब्दांत सांगू शकत नाही. ते दूध सोडते, मलूल होते, त्याचा श्वास जलद होतो. बालरोगतज्ज्ञाला या खुणांवरूनच रोगाचा माग काढावा लागतो. दवाखान्यातील संगणकाची हार्ड डिस्क हीदेखील अशीच अबोल रुग्ण आहे. धार आणि देवास येथील आपल्यापैकी अनेकांच्या लसीकरणाच्या नोंदी, वाढीचे आलेख व सोनोग्राफीच्या प्रतिमा आज तिच्याच हवाली असतात. म्हणून तिची लक्षणे ओळखता येणे अगत्याचे आहे.

पहिली हार्ड डिस्क आय. बी. एम. कंपनीने १९५६ साली आणली. तिच्या पन्नास तबकड्यांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर राहते. तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेपाची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. धक्क्याने किंवा झिजेने हे अंतर बिघडले की लिहिलेला मजकूर खरवडला जातो.

लक्षणे पुढीलप्रमाणे आढळतात. नेहमीच्या मंद गुणगुणीऐवजी ठरावीक अंतराने टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येतो. हेडला आपली जागा सापडत नसल्याची ती खूण होय. साधी फाइल उघडण्यास मिनिटे लागतात, कारण डिस्क खराब भाग पुन्हा पुन्हा वाचू पाहते. फाइली नाहीशा होतात किंवा त्यांची नावे विचित्र दिसतात. संगणक सुरू करताना कधी डिस्क सापडते, कधी सापडत नाही. याखेरीज डिस्क ‘स्मार्ट’ नावाची स्वतःची नोंदवही ठेवते. मोफत मिळणाऱ्या प्रणालींनी ती वाचता येते. बदललेले, प्रलंबित व न सुधारता आलेले सेक्टर हे तीन आकडे शून्यावरून चढू लागले, तर सावध व्हावे.

अर्थात प्रत्येक ताप मलेरियाचा नसतो. सैल केबल, सदोष वीजपुरवठा किंवा व्हायरस यांमुळेही यांपैकी काही लक्षणे दिसतात.

गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. परंतु बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या स्मार्ट नोंदींत, तापमान वगळता, कोणतीही खूण नव्हती. तात्पर्य, लक्षण दिसले तर विलंब नको. दिसले नाही म्हणून निश्चिंतीही नको.

नवजात व बालकांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनात आपण हेच शिकतो: धोक्याचे लक्षण दिसताच निदानाचा घोळ न घालता पहिला डोस द्यावा आणि बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. येथे पहिला डोस म्हणजे महत्त्वाच्या फाइलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत. दुरुस्तीच्या प्रणाली चालविणे किंवा फॉरमॅट करणे त्यापूर्वी टाळावे. टकटक सुरू असेल तर मात्र संगणक तत्काळ बंद करून डिस्क तज्ज्ञाकडे द्यावी. ती घरी उघडू नये, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये. नव्या एस. एस. डी.ला फिरणारे भागच नसल्याने ती आवाजही करीत नाही. पुष्कळदा एकाएकी जाते.

एकच प्रत ठेवण्यातील धोका धारला नवा नाही. १९०३ साली येथे तेराव्या शतकातील ‘पारिजातमंजरी’ ही चार अंकी संस्कृत नाटिका कोरलेली शिळा सापडली. शिळेवर दोनच अंक आहेत. उरलेले दोन आजतागायत मिळालेले नाहीत. जिथे पाषाणाचीही ही गत, तिथे चुंबकीय लेपाचा काय भरवसा?

म्हणून तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि एक दवाखान्याबाहेर, हा नियम पाळावा. बाहेरची प्रत सांकेतिक कुलपात असावी, कारण रुग्णाची गुप्तता राखणे आपले कर्तव्य आहे. महिन्यातून एकदा बॅकअपमधील एखादी फाइल उघडून पाहावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. बालकाच्या लसीकरणाची नोंद तर त्याच्या पालकांना त्याहूनही दीर्घ काळ लागते. तेव्हा स्मरणिका हातावेगळी करण्यापूर्वी आपल्या शेवटच्या बॅकअपची तारीख अवश्य पाहावी.