मानेतली सुई आणि दुपारचं ऊन

मानेत मणके 7, पण तिथून निघणाऱ्या नसांच्या जोड्या मात्र 8! पहिली जोडी कवटी आणि पहिला मणका यांच्या फटीतून निसटते, म्हणून हिशेब चुकतो. यातल्या एखाद्या नसेवर सरकलेली चकती टेकली की कळ मानेतून निघते ती थेट बोटांपर्यंत. नुसता दाब एवढा छळत नाही. चकतीतला गर सांडला की नस सुजते, चिडते.

ही सूज उतरवायला डॉक्टर सुईने स्टेरॉइड सोडतात. कुठे? मानेच्या तळाशी, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, जेमतेम दोनेक मिलिमीटरच्या पोकळीत. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी जागा, आणि पलीकडे मज्जारज्जू! क्ष-किरणांच्या पडद्यावर नजर ठेवून आधी थेंबभर रंगद्रव्य सोडतात, ते नीट पसरलं तरच औषध.

सुई तीच, औषध तेच. तरीही एकाला महिनोन्‌महिने आराम, तर दुसरा पंधरा दिवसांत पुन्हा दारात. असं का होतं, याच्या संशयितांत ‘ड’ जीवनसत्त्वही आहे.

मुळात हे जीवनसत्त्व कमी आणि संप्रेरक जास्त. उन्हात ते कातडीत जन्मतं, यकृतात एकदा बदलतं, मूत्रपिंडात दुसऱ्यांदा, तेव्हा कुठे कामाला लागतं. गंमत अशी, की पेशीत त्याला ओळखणारं प्रथिन आणि स्टेरॉइडला ओळखणारं प्रथिन एकाच कुळातली भावंडं आहेत. दोघंही थेट जनुकांशी बोलतात, दोघंही दाहाला आवर घालतात. मग एक भाऊ अशक्त असला तर दुसऱ्यावर भार पडत असेल का? प्रश्न मोहात पाडणारा आहे. पण मान दुखणारा माणूस घरातच पडून राहतो, ऊन चुकवतो, आणि त्यामुळेही रक्तातलं ‘ड’ घटतं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून ‘ड’ वाढवलं की सुई हमखास लागू पडेल, असं कुणी सांगितलं तर मी तरी मान डोलावणार नाही.

आणखी एक. सकाळचं कोवळं ऊन आपल्याला प्रिय, पण तिरप्या किरणांतला ‘ड’ घडवणारा भाग हवेतच अडतो. सावली आपल्यापेक्षा बुटकी असेल, तेव्हाचं ऊन कामाचं. खिडकीच्या काचेआडून तर तेही नाही.

कमतरता निघालीच, तर 60,000 युनिटची पुडी डॉक्टरांनी आठवड्याला एक सांगितली असताना रोज घेऊ नका. रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात.