काटोलची पांदण व नागपूरची हिरवी वाट

शहर व खेडें ह्यांस वृक्षांच्या अखंड पट्ट्यानें जोडावें, ही कल्पना परकी वाटते. कारण एबेनेझर हॉवर्ड ह्यांनीं १८९८ सालीं उद्याननगराभोंवतीं शेतीचा पट्टा राखण्याची योजना मांडली, व पॅट्रिक गेडिस ह्यांनीं १९१७ सालीं खुद्द नागपूरच्या म्युनिसिपालिटीसाठीं नगररचनेचा अहवाल लिहिला, एवढेंच आपण ऐकतों. परंतु आपल्या पांदणीच्या कडेस बाभूळ, निंब व बोराटी होती तोंवर ती हिरवी वाटच होती.

गांवनकाशांत गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनें दाखवितात व त्याची रुंदी १६॥ ते २१ फूट धरतात; पायवाट एकेरी रेषेची, ८। फुटांची. प्रत्यक्षांत दोन्हीं बांध दरसाल वीतभर सरकले. दुसऱ्यास कशाला बोल लावूं? आमच्याच घरानें पांदणीचा तुकडा वखराखालीं घेतला, आणि ऑक्टोबरच्या पावसांत आंबिया बहाराचा संत्रा डोक्यावरून वाहिला.

म्हणून प्रथम मोजणी. जुनी वाट अडविली असल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. बांधावरून नवी वाट हवी असल्यास महसूल संहिता, १९६६, कलम १४३. दोहोंसाठीं अर्ज तहसीलदाराकडेच. राज्य शासनाच्या २०२१ च्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेंतून रस्ता होतो, परंतु मुरूम पडण्यापूर्वींच झाडांची व नालीची जागा आंखून ठेवावी.

झाडें कोणतीं, येथें बागाइतदारानें सावध असावें. निंब, करंज व चिंच उन्हाळ्याचा पश्चिमेकडील झोला अडवितात, व कोंवळ्या फळांची गळ कमी होते. बेल, कवठ व कढीनिंब मात्र संत्र्याच्याच कुळांतले. पानें खाणारी अळी त्यांवर वाढून बागेंत उतरते. बागेच्या बाजूस तीन फूट खोल चर खणला म्हणजे झाडांचीं मुळें संत्र्याचें पाणी ओढीत नाहींत.

अशा पांदणी काटोलाहून कळमेश्वराकडे जोडल्या, तर शहराकडील टोंक गोरेवाड्याच्या रानांत आहेच. मध्यें एका शेतानें वाट अडविली कीं पाखरूं अडत नाहीं, गाडी अडते. शहरचे लोक फिरावयास आले तर फळ चोरीस जाईल, ही शंका खोटी नव्हे. त्यासाठीं वाटेकडील बांधावर करवंदीचें कुंपण लावावें, आणि फाटक विहिरीजवळ, राखणदाराच्या नजरेच्या टप्प्यांत ठेवावें.