नक्षी एकदाच लिहायची

सोलापुरी चादरीवर मोर दहादा दिसतो, पण डिझाइन करणाऱ्यानं तो दहादा काढलेला नसतो. जेकार्डच्या मागावर नक्षी असते ती पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना पाडलेल्या भोकांत. आडव्या धाग्याच्या दर फेरीला एक पट्टी. पट्ट्या एकमेकींना ओवून माळ केली की ती फिरत राहते आणि लांबीत तोच मोर पुन्हा पुन्हा उतरतो. रुंदीतही तसंच, कारण एका हुकाला बऱ्याच दोऱ्या बांधलेल्या असतात. म्हणजे साठवायचा मोर एकच. बाकी सगळी ‘पुन्हा तेच कर’ ही आज्ञा. ही युक्ती १८०४च्या सुमाराला फ्रान्समधल्या ल्योंमध्ये यंत्रात बसली. आज संगणकातली फाइल लहान करणारी सॉफ्टवेअरं याच बुद्धीवर चालतात. त्यांतलं माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक म्हणजे सेव्हन-झिप.

दिसायला ते अगदी गबाळं. चिन्हं जुन्या वळणाची, खिडकी रुक्ष. विंडोजच्या चार-पाच पिढ्या आल्या-गेल्या तरी त्यानं कपडे बदलले नाहीत. उतरवून घ्यायची फाइल जेमतेम दीड एमबीची. इगोर पाव्हलोव्ह या रशियन प्रोग्रामरनं ते १९९९ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढलं आणि अजूनही तोच त्याची देखभाल करतो. नोंदणी नाही, जाहिरात नाही, पैसे नाहीत. घरी वापरा की दुकानात वापरा, कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. विनरार चाळीस दिवसांच्या चाचणीपुरतं दिलेलं असतं, पुढे विकत घ्यायचं असतं. ते एक्केचाळिसाव्या दिवशीही चालतं म्हणून फुकट झालं, असा आपला सोयीचा समज. सेव्हन-झिपमध्ये ही आडवाट घ्यायचं कारणच नाही. रार फाइल ते उघडतं. नवी रार मात्र बनवत नाही, कारण त्या पद्धतीचा हक्क दुसऱ्याचा आहे.

मूळ गणित हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या अब्राहम लेम्पेल आणि याकोव्ह झिव्ह यांचं, १९७७ सालचं. मजकूर वाचत जायचा. आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा भेटला की तो न लिहिता ‘इतकं मागे जा, तिथून इतकं उचल’ एवढंच लिहायचं. अमेरिकेत फिल कॅट्झनं १९८९ मध्ये झिप ही पद्धत आणली आणि तिचा आराखडा सर्वांना खुला ठेवला, म्हणून ती जगभर पसरली. झिपची नेहमीची रीत मागे वळून पाहते ती फक्त ३२ केबीपर्यंत. पाव्हलोव्हच्या एलझेडएमए या रीतीची नजर कितीतरी एमबी मागे पोचते, त्यामुळे दूरवरची पुनरावृत्तीही तिला सापडते. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. जेवढं मागे पाहायचं त्याच्या साधारण अकरा पट मेमरी फाइल बांधताना लागते. जुन्या संगणकावर ‘अल्ट्रा’ निवडून कुणी चहाला गेला, तर परत येईपर्यंत यंत्र ठप्प झालेलं असतं. ‘नॉर्मल’ पुष्कळ होतं.

चादरीचं वा टॉवेलचं डिझाइन संगणकावर काढलं की ते बहुधा मोजक्या रंगांचं बिटमॅप चित्र असतं. एकाच रंगाचे लांब पट्टे, तीच वेलबुट्टी पुन्हा पुन्हा. अशी फाइल सेव्हन-झिपमधून काढली की मूळच्या लहानशा अंशावर येते, आणि उघडल्यावर एक ठिपकाही इकडचा तिकडे होत नाही. लग्नाच्या फोटोंचं तसं नाही. जेपेगमधली पुनरावृत्ती कॅमेऱ्यानं आधीच पिळून काढलेली असते, व्हिडिओचंही तेच. दोन हजार फोटो झिप केल्यानं जागा वाचत नाही. फार तर दोन हजार जिनसांची एक जिन्नस होते, पाठवायला सोपी. आणखी एक गंमत म्हणजे वर्डची डॉकएक्स फाइल ही आतून झिपच असते. ती सेव्हन-झिपनं उघडा, ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये त्यातली चित्रं सुटी सापडतील. स्मरणिकेचा मजकूर वर्डमध्ये आणि फोटो त्यातच चिकटवून पाठवणारी माणसं आहेत तोवर मुद्रकाला ही वाट माहीत असलेली बरी.

मराठीला या सगळ्याचा फायदा जरा जास्तच होतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित रीतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘सोलापूर’ या शब्दात काना-मात्रा धरून सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. तेच नाव रोमन लिपीत लिहिलं तर सात. पण त्या तिनांतला पहिला बाइट सगळ्या देवनागरीभर एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. खरी माहिती तिसऱ्यातच. आवळणारं सॉफ्टवेअर हे चटकन ओळखतं, म्हणून मराठी कादंबरीची साधी मजकूर-फाइल चांगलीच आटते.

फाइलींच्या नावांचा मात्र जुना त्रास आहे. झिपचा जन्म झाला तेव्हा नावं अमेरिकी संगणकाच्या २५६ चिन्हांत बसतील असं गृहीत धरलं होतं. युनिकोड नावांची खूण त्या आराखड्यात आली २००६ मध्ये. त्यामुळे ‘ठराव-अंतिम’ अशा नावाची फाइल जुन्या प्रोग्रामनं झिप केली की पलीकडे प्रश्नचिन्हांची रांग उघडते. सेव्हन-झिपच्या स्वतःच्या सेव्हन-झेड पद्धतीत नावं युनिकोडमध्येच ठेवली जातात. शिवाय प्रोग्रामच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि संस्कृतही!

लिनक्ससाठी पाव्हलोव्हनं स्वतःची आवृत्ती दिली ती २०२१ मध्ये, तीही आज्ञा टाइप करून चालवायची. मॅकवरही तसंच. विंडोजवर दिसते तशी खिडकी सगळीकडे हवी असेल, तर इटलीच्या जॉर्जो तानीनं २००६ पासून चालवलेलं पीझिप घ्यावं. तेही मुक्त, तेही फुकट. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं आणि सेव्हन-झिपचं इंजिन आतून वापरतं. पाव्हलोव्हनं एलझेडएमएचा संच २००८ मध्ये सार्वजनिक मालकीत सोडून दिला, त्यामुळे तो कुणालाही आपल्या कामात जोडता येतो.

एकट्या माणसानं सांभाळलेल्या अशा कामात धोकाही असतो. एलझेडएमएच्याच घराण्यातल्या एक्सझेड या लिनक्सवरच्या प्रकल्पात कुणीतरी दोनेक वर्षं विश्वासू मदतनीस म्हणून वावरलं आणि चोरदार बसवून गेलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावताना ते सापडलं. सेव्हन-झिपला त्याची झळ लागली नाही. त्याचा स्वतःचा दोष वेगळा: ते आपण होऊन अद्ययावत होत नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवरची सावधगिरीची खूण हरवण्याची त्यातली एक चूक २४.०९ या आवृत्तीत दुरुस्त झाली, पण २०१८ साली बसवलेलं सेव्हन-झिप ज्याच्या संगणकावर आहे त्याला हे कळणार कसं? ‘हेल्प’मध्ये जाऊन आवृत्ती बघायची आणि सेव्हन-झिप डॉट ओआरजी या मूळ ठिकाणावरूनच नवी घ्यायची.

पगारपत्रकं किंवा ग्राहकाची नवी डिझाइनं पाठवायची असतील तर पासवर्ड लावता येतो. एईएस-२५६ची गुप्तता आहे. पासवर्ड भक्कम असेल आणि तो विसरला, तर पाव्हलोव्हसुद्धा फाइल उघडून देऊ शकत नाही. फक्त नावंही झाकण्याची खूण वेगळी करावी लागते, नाहीतर आतल्या फाइलींची यादी कुणालाही वाचता येते. आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नये, फोन करून सांगावा.