गळा एकीचा, नाच दुसरीचा

लग्नसराईत ठाण्याजवळच्या दिवा, दातिवली, साबे, आगासन, बेतवडे या पट्ट्यात हळदीच्या रात्री जी गाणी वाजतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक गाण्यांची नायिका एकच असते. ती नटूनथटून आलेली असते, आपण देखणी आहोत हे तिला पक्कं ठाऊक असतं, ती कुणाला तरी डिवचते, कुणाला तरी झुलवते आणि घरी जायची तिला अजिबात घाई नसते. अमेरिकेतल्या पॉप संगीतात अशा पोरीवर गायिकांच्या अख्ख्या कारकिर्दी उभ्या राहतात. आपल्याकडेही ती लावणीत आहे, कोळीगीतात आहे, आता यूट्यूबवरच्या गाण्यांत आहे. मात्र ती गाणारी बाई आणि गाण्यातली ती पोर यांचं नातं आपण फार चमत्कारिक पद्धतीने लावतो. नखरा वाईट म्हणून आपण नाकं मुरडतो असा समज आहे. नीट पाहिलं तर बोल नखऱ्याला लागतच नाही. पैसे घेऊन, चारचौघांसमोर, स्वतःच्या अंगाने नखरा करणाऱ्या बाईला तो लागतो. या तीनपैकी एक जरी गोष्ट वगळली तरी तोच नखरा परंपरा ठरतो, कला ठरते, प्रसंगी पद्म पुरस्कारालाही पात्र होतो.

सुरुवात हळदीपासूनच करावी. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण हे भटजीच्या बरोबरीचं पद. ही बहुधा वयस्कर बाई. हातात पोथी नाही, सगळं तोंडपाठ. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे तिचे धवले, म्हणजे विधीची गाणी, ठरलेले, आणि तिने म्हटल्याशिवाय विधी पुरा होत नाही. धवल्यात देवांची नावं येतात तशीच सोयऱ्यांची फिरकीही येते. तिच्या भोवतीच्या मावश्या, आत्या, काकी रात्र चढली की जी थट्टा करतात, ती छापायला गेलं तर संपादकाला घाम फुटेल. अंगाला अंग घासून त्या नाचतात, नवऱ्या मुलाच्या मामालाही ओढतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही, कारण ती आपलीच माणसं आणि त्यांनी नाचायचे पैसे घेतलेले नाहीत. गळा आणि अंग इथे एकाच बाईचं आहे, शब्दांना धार आहे, तरी अब्रूला धक्का नाही.

या नाचाला साथ कसली असते, तेही पाहायला हवं, कारण गाण्यातल्या पोरीचा अर्धा तोरा तिथून येतो. साथ असते बेंजो पार्टीची, आणि तिच्यातला बेंजो म्हणजे पाश्चात्त्य बँजो नव्हे. जपानी ताइशोगोतोपासून आपल्याकडे आलेल्या बुलबुलतरंगाचा हा भाऊबंद. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा, एका हाताने कळा दाबायच्या, दुसऱ्याने तारा छेडायच्या. त्याला पिकअप लावून आवाज भोंग्यांत सोडला की तो कान कापत जातो. खाली ताशा, ढोल, ऑक्टोपॅड आणि सहा मात्रांचा झुलता ठेका. उघड्या मैदानात या गदारोळावर मात करायची तर बाईचा आवाज वरच्या पट्टीत, मोकळा आणि सरळ लागावा लागतो. मुरकी, मींड, कुजबुज इथे टिकत नाही. ज्याला आपण गायिकेचा ‘बिनधास्तपणा’ म्हणतो, त्यातला बराच भाग मैदानाने आणि भोंग्याने घडवलेला आहे. स्वभावाचे दाखले त्यावरून काढणं भाबडेपणाचं होय.

दुसऱ्या टोकाला लावणीगायिका सुलोचना चव्हाण. गाणी कानावर पडली आणि फोटो पाहिला नाही, तर कुणाचीही फसगत व्हावी. ‘सवाल माझा ऐका’मधलं (1964) ‘सोळावं वरीस धोक्याचं’ हे जगदीश खेबुडकरांचं गाणं वसंत पवारांच्या संगीतात त्यांनी गायलं. त्यातला ठसका त्यांनी कमावला कसा, हे ऐकण्यासारखं आहे. ढोलकीच्या थापेवर व्यंजन आपटायचं, ओळीचा शेवट लांबवायचा नाही, मध्येच सोडून द्यायचा आणि उरलेलं ऐकणाऱ्याच्या मनाने पुरं करायचं. चावटपणा शब्दांत जेवढा आहे, त्याहून जास्त त्या सोडलेल्या जागेत आहे. हे जन्मजात नव्हतं. के. सुलोचना या नावाने हिंदी चित्रपटांत गाणाऱ्या या मुलीला लावणीचे उच्चार आणि फेक पती श्यामराव चव्हाण यांनी शिकवली. आचार्य अत्र्यांनी ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. आणि या सम्राज्ञी व्यासपीठावर कशा येत? दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट घेऊन. एका जागी उभ्या राहून त्या गात, हातवारे जवळपास नाहीत. लोक त्या पदराचं कौतुक गाण्याइतकंच करत. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी 10 डिसेंबरला त्या गेल्या, आणि श्रद्धांजलीच्या लेखांतही पदर आवर्जून आला.

कौतुक करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या कौतुकात एक अट दडलेली आहे. गळ्याने काहीही करा, अंगाने सोज्वळ राहा. पार्श्वगायनाच्या पद्धतीने ही अट पाळणं सोपं केलं. पडद्यावर जयश्री गडकर, माइकपाशी सुलोचनाबाई. ‘पिंजरा’त (1972) संध्या नाचणार, गाणार उषा मंगेशकर. ‘नटरंग’मध्ये (2010) सोनाली कुलकर्णी आणि अमृता खानविलकर नाचणार, गळा बेला शेंडे यांचा. बेलाताईंच्या घरात शास्त्रीय गाण्याचा वारसा, आणि त्या गायिकेला फडावरची बाई व्हायला काहीच अडचण आली नाही, कारण फडावर दुसरी कुणी उभी होती. वैशाली सामंत यांचं उदाहरण तर मला फारच बोलकं वाटतं. ‘ऐका दाजिबा’ने 2002 मध्ये मराठी पॉपला घराघरात नेलं, ‘जत्रा’तल्या (2006) ‘कोंबडी पळाली’ने वरातींचा ताबा घेतला. आणि 2008 मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’च्या पोरांची परीक्षा घ्यायला अवधूत गुप्ते यांच्या शेजारी याच बसल्या. दाजिबाला झुलवणारा आवाज लहान मुलांचा गुरू होऊ शकतो, यात गैर काहीच नाही. प्रेक्षकांना ‘भूमिका’ आणि ‘व्यक्ती’ हा फरक उत्तम कळतो, याचा तो पुरावा आहे. प्रश्न एवढाच की तो फरक आपण सगळ्यांच्या बाबतीत करतो का.

विठाबाई नारायणगावकरांच्या बाबतीत तो केला गेला नाही. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या घराण्यातल्या या कलावतीचा गळाही स्वतःचा आणि नाचही स्वतःचा. अंग राखून गाणं त्यांना परवडणारं नव्हतं. फडाचा तंबू त्यांच्या पायांवर उभा होता. 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळाली. पण 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा हाताशी पैसा नव्हता. दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलं. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सरकारने सुरू केला तो त्यानंतर काही वर्षांनी. सुलोचनाबाई आणि विठाबाई यांच्या गुणांची तुलना करायची नाही. दोघी आपापल्या जागी थोर. फरक आहे तो कलेची किंमत कुणाला कशी चुकवावी लागली यात, आणि तिथे जात बाजूला ठेवून बोलता येत नाही. पदर घेऊन माइकपाशी उभं राहण्याची सोय ज्या बायांच्या वाट्याला कधी आलीच नाही, त्या कोणत्या समाजांतून आल्या हे महाराष्ट्राला सांगावं लागू नये.

आजची गौतमी पाटील हे याच गोष्टीचं पुढचं पान. ती गात नाही, दुसऱ्यांच्या गाण्यांवर नाचते. तिच्या हावभावांवरून गदारोळ झाला, तिने जाहीर माफी मागितली, पुढे ‘पाटील’ हे आडनाव तिने लावू नये अशीही मागणी झाली. ती ज्यांवर नाचली त्या गाण्यांच्या गायिकांना, गीतकारांना, संगीतकारांना असं काही विचारल्याचं ऐकिवात नाही. त्यांच्या आडनावांची कुणी उलटतपासणी घेतली नाही. गाणं तेच, चावटपणा तोच. जाब मात्र जिचा चेहरा दिसतो तिला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गळा आणि अंग वेगळं ठेवलं म्हणूनच तर मध्यमवर्गीय घरांतल्या मुली असली गाणी गाऊ शकल्या, म्हातारपणापर्यंत सन्मानाने गात राहिल्या; ही वाटणी नसती तर ती गाणी झालीच नसती. खरं आहे. पार्श्वगायनाने गायिकेला संरक्षण दिलं. पण संरक्षण फुकट मिळालं नाही. त्याचं भाडं पडद्यावरच्या आणि फडावरच्या बाईने भरलं. दुसरा आक्षेप असा की ही पोर मुळात पुरुषांनीच लिहिलेली. खेबुडकर, माडगूळकर यांच्या लेखणीतून उतरलेली, पुरुषांच्या डोळ्यांसाठी नटवलेली. मग तिच्यात बाईचं असं काय? लेखणीपुरतं हे मान्य. काव्य पुरुषाचं असलं तरी कुठे थांबायचं, कुठे शब्द सोडायचा, कुणाची खिल्ली उडवायची हे गाणारी ठरवते, आणि सुलोचनाबाईंच्या आवाजात पुष्कळदा झुलणारा पुरुषच हास्यास्पद होतो. शिवाय मांडवातली थट्टा कुणा पुरुषाने लिहून दिलेली नाही. नखरेल, तोंडाळ बाई हा प्रकार पुरुषांनी आणून ठेवला असं मानलं, तर त्या मावश्यांचं काय करायचं?

वाटणी मोडून गळा आणि अंग एकीचंच केलं, म्हणजे सुटलं, असंही नाही. केशा ही अमेरिकन गायिका 2009 मध्ये ‘टिक टॉक’ घेऊन आली. सकाळी उठल्यापासून धिंगाणा घालणाऱ्या पोरीचं ते गाणं, अर्धं बोललेलं, अर्धं गायलेलं, आवाजावर यंत्राचा मुलामा. अमेरिकेच्या यादीत ते नऊ आठवडे पहिलं होतं. गाणं तिने एकटीने रचलं नव्हतं, डॉ. ल्यूक आणि बेनी ब्लँको हे दोघे निर्माते त्यात भागीदार. पण ती पोर म्हणजे केशाच, असं जगाने धरलं आणि तिनेही नावात डॉलरचं चिन्ह घालून ते धरू दिलं. 2014 मध्ये तिने डॉ. ल्यूकवर अत्याचाराचे आरोप करत खटला भरला. त्याने ते नाकारले आणि उलट बदनामीचा दावा लावला. 2023 मध्ये तडजोड झाली. त्याच 2014 मध्ये तिने डॉलरचं चिन्ह काढून टाकलं आणि 2017 च्या ‘रेनबो’ या संग्रहात आवाजावरचा मुलामाही बराच उतरवला. म्हणजे जिथे भूमिका आणि व्यक्ती एकच मानली जाते, तिथे गंभीर बोलायची वेळ आली की आधी ती भूमिकाच अंगावरून उतरवावी लागते. आपल्या पदराची अट आणि तिकडची डॉलरची खूण या दोन्हींचा हिशेब शेवटी बाईलाच द्यावा लागला.

दिव्याकडे परत येऊ, कारण इथे काहीतरी बदलतं आहे. आगरी-कोळी पॉपला मोठी पुरुष प्रतिमाही लाभलेली आहे. भिवंडीकडचे संतोष चौधरी, म्हणजे सगळ्यांचे ‘दादूस’, अंगभर सोनं घालून हळदी गाजवतात. त्याच रूपावर ते 2021 मध्ये ‘बिग बॉस मराठी’त गेले. त्यांचा थाट हा थाटच मानला जातो. त्यावरून त्यांचं चारित्र्य कुणी मोजत नाही. बायकांच्या बाजूला सोनाली सोनावणेसारख्या गायिकांची नावं लग्नांच्या यादीत हमखास असतात, पण गाजलेल्या अनेक व्हिडिओंत पडद्यावर दुसरीच कुणी. जुनी वाटणी यूट्यूबवरही चालूच आहे. गावकीच्या बैठकांत हल्ली हळदीतला डीजे, दारू, खर्च यांवर बंधनं घालण्याचे ठराव होतात, ते योग्यच आहेत. कर्ज काढून भोंगे लावायचे आणि रात्री दहानंतरचा ध्वनिक्षेपकाचा नियम धाब्यावर बसवायचा, याचं समर्थन कोण करेल? फक्त खर्चाच्या चर्चेत हळूच ‘पोरी फार नाचायला लागल्या’ हे वाक्य सरकवलं जातं, तेव्हा विषय बदललेला असतो. भोंग्याचा आवाज आणि पोरींचा नाच यांचं बिल एकत्र करायचं काही कारण नाही.

आणि मग 2024 चं ‘गुलाबी साडी’. सजून बसलेली बाई आपल्या माणसाकडे फोटोचा हट्ट धरते, इतकीच गोष्ट. पण हा लाडिक हट्ट गायला जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने. बाईचं बोलणं पुरुषाच्या गळ्यातून आलं आणि कुणाला ते खटकलंसुद्धा नाही. कोकणातून, खानदेशातून, उत्तरेतून आलेल्या कुटुंबांनी भरलेल्या दिव्यातल्या इमारतींत आता हळदी पार्किंगमध्ये होतात. त्यांत धवलारीण असतेच असं नाही. गाणं लागलं की सासू, सून, शेजारीण, कॉलेजातली पोर अशा पंधरा-वीस जणी गुलाबी साड्यांत रांग धरतात, चित्रीकरण आपल्याच फोनवर करतात आणि रात्रीच टाकून देतात. गळा कुणा पुरुषाचा, अंगं सगळ्यांची, पैसा कुणीच घेतलेला नाही. बोल लावायचा म्हटलं तरी यातून एकटी बाई वेगळी काढता येत नाही, आणि काढायची म्हटली तर पहिल्या रांगेत ठराव करणाऱ्यांच्याच घरच्या सापडतात.