सोलापूर ते समुद्र : 455 किलोमीटरचा हिशेब

सोलापूर ते मुंबई सीएसएमटी हे रेल्वेचे अंतर 455 किलोमीटर आहे. 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झालेली वंदे भारत ते साडेसहा तासांत कापते, म्हणजे ताशी सरासरी 70 किलोमीटर. आधीच्या सुपरफास्ट गाड्यांच्या तुलनेत सुमारे दीड तास वाचतो. पण समुद्र पाहायला निघालेल्या कुटुंबाचा खर्च या दीड तासावर ठरत नाही. तो ठरतो कुटुंबात कोण आहे आणि कोणत्या तारखेला निघायचे यावर.

सुरुवातीला जाहीर झालेले मुंबई–सोलापूर चेअर कारचे भाडे जेवणासह 1,300 आणि जेवणाशिवाय 1,010 रुपये होते. एका ताटाचे 290 रुपये म्हणजे एकूण भाड्याच्या 22 टक्के. चौघांनी घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली, तर मुंबईहून परतीच्या प्रवासात 1,160 रुपये हाती राहतात.

आता कुटुंब घेऊ : नवरा, बायको, 68 वर्षांची आई आणि 10 वर्षांची मुलगी. एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, मुलीचेही अर्धेच. चौघांची मिळून अडीच तिकिटे होतात. वंदे भारतमध्ये आईला सवलत नाही आणि आसन घेतले की मुलीचेही पूर्ण भाडे, म्हणून चार तिकिटे. रात्री निघून सकाळी पोचणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये एकेकाळी आईला 50 टक्के सूट मिळत असे. 20 मार्च 2020 रोजी ज्येष्ठांची सवलत थांबली. या एका निर्णयाचा भार ज्या घरात म्हातारी माणसे बरोबर नेली जातात त्याच घरांवर पडतो, आणि तो उठवायला हवा.

दरवाढीचा आकडा मात्र उलटे सांगतो. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी 1 जुलैला रेल्वेने वातानुकूलित वर्गासाठी किलोमीटरमागे 2 पैसे वाढवले. 455 किलोमीटरला ते 9 रुपये 10 पैसे होतात. तरीही एसटीत पूर्वीचे 100 रुपयांचे तिकीट आज बाईला साडेसत्तावन्न रुपयांच्या आसपास पडते. गोव्याला निघालात, तर ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच.

मुक्कामाचा कर घटला आहे. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. 3,000 रुपयांच्या खोलीवर आधी 360 रुपये जात, आता 150 जातात. दोन रात्रींत 420 रुपये वाचले. रेल्वेच्या त्या जुलैतल्या वाढीत चौघांचा जाण्या-येण्याचा बोजा 73 रुपयांच्या आत होता.

महिन्याचा प्रश्न पावसाचा आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सांताक्रूझची एकट्या जुलैची सरासरी 850 च्या वर आहे. आपले अख्खे वर्ष तिथे एका महिन्यात मावते. मे महिन्यात सोलापूरचे कमाल तापमान सरासरी 40 अंशांच्या जवळ असते, मुंबईचे 33–34, पण दमटपणा त्या सहा अंशांचा बराचसा दिलासा परत घेतो. थंडीतला जानेवारी सर्वांत सोयीचा; फक्त संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा सोडून सोलापूरकर निघत नाही.

तारखेच्या आत तासही पाहावा लागतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते आणि भरती रोज 50 मिनिटे पुढे सरकते. कोकणपट्टीचा जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. एकादशीला सव्वाआठला, म्हणजे ओहोटी अडीचच्या सुमारास. पंढरपूरच्या जिल्ह्यात एकादशी कुणाला कॅलेंडरात शोधावी लागत नाही, त्यामुळे हा हिशेब आपल्याला सहज जमण्यासारखा आहे. ठोकताळा अचूक नसतो. मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी छापील वेळापत्रक आणि जीवरक्षक काय सांगतात तेच मानावे. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी मुंबई महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी किनारा टाळावा.

वंदे भारत सोलापूरहून सकाळी 6.05 ला सुटून 12.35 ला पोचते आणि दुपारी 4.05 ला परत निघते. मधले साडेतीन तास भर उन्हाचे, सूर्यास्त त्यात नाही. सोलापूरहून ती गुरुवारी नसते, मुंबईहून बुधवारी. म्हणून आज जाऊन उद्या परतायचे असेल, तर मंगळवार आणि गुरुवार सोडून पाचच वार उरतात.

विमानाने वेळ वाचतो, गर्दी नाही. विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली गेली, गोव्याचे विमान 9 जून 2025 ला सुरू झाले, मुंबईचे 15 ऑक्टोबर 2025 ला. होटगी रोडच्या टर्मिनलची क्षमता वर्षाला 4.1 लाख प्रवाशांची, म्हणजे दिवसाला 1,123. सुरुवातीच्या सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्येही 1,128 आसने होती. विमानतळाची दिवसभराची क्षमता रेल्वेच्या एका फेरीत भरते.

त्यामुळे मे महिन्यातली खरी चुरस गाडीच्या आसनांसाठी आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. 1 मेच्या गाडीसाठी खिडकी पूर्वी 1 जानेवारीला उघडायची, आता 2 मार्चला.