ज्यू तरुणांचे बारावीनंतरचे एक वर्ष

शाळा संपल्यावर अमेरिका, ब्रिटनमधील अनेक ज्यू मुले-मुली कॉलेजआधी वर्षभर इस्रायलमध्ये राहतात. मित्रांनो, ही सहल नव्हे. कुणी येशिवात, म्हणजे धार्मिक विद्यालयात, तालमूद शिकतात. कुणी हिब्रू शिकत सेवाकार्य करतात. जेरुसलेमची ‘माखोन’ संस्था १९४६ पासून युवक संघटनांचे कार्यकर्ते घडवते. ते मायदेशी परतून संघटनेतील धाकट्यांना शिकवतात.

खर्च मोठा असतो. त्यासाठी २००४ मध्ये इस्रायल सरकार व ज्यूइश एजन्सीने ‘मासा’ योजना सुरू केली. तिच्यातून अनुदान, शिष्यवृत्ती मिळते. मात्र सरकारी पैशाबरोबर सरकारच्या सोयीचा इतिहासही येऊ शकतो. पॅलेस्टिनींची बाजू आम्हाला का सांगितली नाही, हा प्रश्न आज काही ज्यू तरुणच आपल्या संस्थांना विचारत आहेत.